कागद की हात? (वूस्टरच्या रात्रपाळीतल्या गप्पा)

कृष्णाकाठची

धागा काढावा की नाही, असं आठवडाभर चाललं होतं, कारण गोष्ट दुसऱ्याच्या घरातली आहे. शेवटी त्यालाच विचारलं. म्हणाला, "लिही. माझं नाव नको, आणि गाडी अडवली त्या गावाचंही नको." म्हणून ती दोन्ही गाळली आहेत.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. पहाटे तीनपर्यंत मशीनं धुऊन, कंट्रोल लावून होतात. चारनंतर वॉर्डांतून रक्ताच्या नळ्या धडाधड यायला लागतात. मधला तासभर माझा आणि त्या नळ्या भरून आणणाऱ्या माणसाचा. तो घानाचा. इथे त्याला कोफी म्हणते. हे त्याचं कागदावरचं नाव नाही, पण अगदीच खोटंही नाही. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला अकान लोकांत कोफी हे नाव आपोआप मिळतं, शनिवारच्याला क्वामे. आपल्याकडे मंगळवारी झाली म्हणून मंगल, तसंच.

कुमासीला तो शाळेत भूगोल शिकवायचा. २००१ मध्ये व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला आणि आला. (ही सोडत म्हणजे डायव्हर्सिटी व्हिसा. १९९० च्या कायद्याने आली. ज्या देशांतून अमेरिकेत कमी लोक येतात त्यांच्यासाठी वर्षाला साधारण ५०,००० जागा. भारताला ती लागू नाही, आपली गर्दी आधीच झालेली.) बारावी पास असलं तरी अर्ज करता यायचा. हा तर पदवीधर. इथे येऊन आधी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचा, मग रक्त काढायचा कोर्स केला. भूगोल तेव्हाच सुटला, पण अजून कुठल्याही देशाचं नाव काढलं की राजधानी आणि मुख्य पीक सांगतो. महाराष्ट्र म्हटल्यावर लगेच "कापूस, काळी माती" म्हणाला होता. माझा त्याच्यावर लोभ जडला तो तिथेच.

वूस्टरमध्ये घानाचे लोक बरेच. त्यांची चर्चेस आहेत, याम नावाच्या कंदाची आणि पामतेलाची दुकानं आहेत. कोफीच्या घरी फुफू (उकडलेल्या कंदांचा मऊ गोळा) होतो, पण कुटत नाहीत. तिकडे उखळात दोघांनी मिळून कुटायचा असतो. इथे तिसऱ्या मजल्यावर मुसळ घातलं की खालचा भाडेकरू काठीने छत ठोकतो. म्हणून खोक्यातलं पीठ, पाणी आणि मायक्रोवेव्ह. बायको म्हणते, चव सत्तर टक्के आणि आवाज शून्य.

आता मूळ मुद्दा. कोफीच्या मनात एक भीती घर करून आहे, आणि ती अमेरिकेतली नाही. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने परवाना नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायचा हुकूम काढला. दहा लाखांच्या आसपास घानावासी नायजेरियातून निघाले. कोफीचा काका लागोसला गवंडी होता. घानाने सीमा बंद ठेवली होती, त्यामुळे लोक मधल्या देशांत अडकून पडले. काका घरी पोचला तेव्हा कोफी सात वर्षांचा. काकाच्या हातात चौकड्यांची प्लॅस्टिकची मोठी पिशवी होती. तुम्ही-आम्ही एसटीच्या टपावर बघितलेली, चेन लावायची, तीच. पश्चिम आफ्रिकेत तिला आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. त्याच वर्षी घानात दुष्काळ. लोकांच्या गळ्याखालची हाडं वर आली, त्यांना तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या नावाने 'रॉलिंग्ज नेकलेस' म्हणायचे. कोफी म्हणतो, "हाकलणारे काळे, हाकलले गेलेलेही काळे. काकाकडे एक कागद नव्हता, एवढंच."

तेव्हापासून त्याची कागदावर श्रद्धा. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पारदर्शक फोल्डर असतं. गाडीची नोंदणी, विमा, इस्पितळाचं ओळखपत्र, नागरिकत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स. मी हसले होते. मग आठवलं, माझ्या पर्समध्ये ग्रीनकार्डाची झेरॉक्स आहे आणि नवऱ्याच्या फोनमध्ये सगळ्यांच्या पासपोर्टांचे फोटो.

गेल्या ऑक्टोबरात कोफी आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा एका ओळखीच्यांच्या अंत्यविधीच्या कार्यक्रमाहून परत येत होते. (तो कार्यक्रम वेगळ्या धाग्याचा विषय आहे. हॉल भाड्याने घेतात, काळी-लाल वस्त्रं नेसतात, आणि कुणी किती डॉलर दिले ते माइकवर वाचून दाखवतात. आमच्याकडच्या लग्नात आहेराची वही असते, इथे लाउडस्पीकर.) रात्री दहाचा सुमार. मागे निळे दिवे लागले. कोफीने गाडी कडेला घेतली आणि सवयीने कप्प्याकडे हात घातला.

मुलगा ओरडला, "दाबी!"

दाबी म्हणजे ट्वी भाषेत 'नाही'. हा मुलगा घरात ट्वी बोलत नाही. आईने विचारलेलं समजतं, उत्तर इंग्रजीत. त्या क्षणी मात्र तोंडातून तेच आलं. स्वतःचे दोन्ही हात त्याने समोरच्या डॅशबोर्डवर बोटं पसरून ठेवले होते. कोफीने माझ्यासमोर टेबलावर तसे ठेवून दाखवले. नळ्यांचा स्टँड मध्ये होता, तो बाजूला सरकवून.

पोलीस आला, मागचा दिवा गेलाय म्हणाला, तोंडी समज देऊन गेला. सगळं मिळून चार मिनिटं. काही झालं नाही.

भांडण घरी गेल्यावर झालं. बापाचं म्हणणं, सभ्य माणूस कागद दाखवतो, हात तर चोरही दाखवतो. मुलाचं म्हणणं, "त्यानेही पाकीटच काढलं होतं."

'तो' म्हणजे अमादू डियालो. गिनी देशातून आलेला २३ वर्षांचा मुलगा, मॅनहॅटनला फुटपाथवर वस्तू विकायचा. ४ फेब्रुवारी १९९९ ला ब्रॉंक्समध्ये स्वतःच्याच घराच्या दारात चार साध्या वेषातल्या पोलिसांनी त्याच्यावर ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. हातात पाकीट होतं, त्यांना पिस्तूल वाटलं. पुढच्या वर्षी चौघेही निर्दोष सुटले. कोफीला ही गोष्ट माहीत होती. अमेरिकेत उतरला तो ब्रॉंक्समध्येच, चुलतभावाकडे, आणि पहिल्याच आठवड्यात भावाने त्याला ती सांगितली होती. पण त्याने मनाशी एक समजूत करून घेतली होती, की त्या बिचाऱ्याला इंग्रजी धड येत नसेल. मी मास्तर माणूस, माझं इंग्रजी चांगलं आहे. या समजुतीवर त्याने वीसहून जास्त वर्षं काढली.

एका घरात दोन भीत्या. बापाला वाटतं, परत पाठवतील. मुलाला परत पाठवायला जागाच नाही, तो इथे जन्मला. त्याला वाटतं, रस्त्यात थांबवतील. २०२० च्या जनगणनेच्या अर्जात 'ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन' या चौकटीखाली मूळ लिहायला एक ओळ होती. कोफीने खूण करून ओळीवर ठळक 'घानेयन' लिहिलं. मुलगा आता कुठलाही फॉर्म भरताना खूण करतो आणि पुढे जातो.

राजकारणाचं विचाराल, तर कोफी कुठल्याच पक्षाच्या साच्यात बसत नाही. चर्च, शिस्त, छडी यांवर त्याची मतं ऐकलीत तर माझे सांगलीचे काका आठवतील. ओबामाला मत दिलं, कारण "बाप केनियाचा होता, आमच्यासारखाच शिकायला आलेला." आफ्रिकी देशांबद्दल ट्रंप घाणेरडा शब्द वापरून जे बोलल्याच्या बातम्या २०१८ च्या जानेवारीत आल्या, त्या दिवशी हा तीन वाजता नुसता बसून होता, जेवला नाही. २०२४ ला महागाईवर कुरकुरत होता. मत कुणाला दिलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तुमच्या आसपास असे कुणी आहेत का? काय बोलतात?

---

चिंच_गूळ

'दाबी' वाचून अंगावर काटा आला गं. मुलाचं पुढे काय? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

टेक्सासचा_टांगेवाला

ह्यूस्टनमधून दोन पैसे. इथे नायजेरियन भरपूर. माझा डॉक्टर, माझा टॅक्स करणारा आणि आमच्या बिल्डिंगचा रात्रीचा वॉचमन, तिघेही तिथलेच. तिघांनाही 'ब्लॅक' म्हटलेलं फारसं आवडत नाही, आणि इथल्या मूळ काळ्या लोकांबद्दल ते आपापसात एक शब्द वापरतात, 'अकाटा'. चांगला शब्द नाही. वॉचमन म्हणतो, "हे लोक अभ्यास करत नाहीत." हुबेहूब आपल्या देशी पार्टीतलं वाक्य.

उलट बाजूही ऐकली आहे. माझी एक टीममेट, तिच्या घरचे लुइझियानात गुलाम होते. ती म्हणते, दारं आम्ही फोडली आणि आत दुसरेच जाऊन बसले. हे नुसतं मनाचं नाही. २००४ मध्ये हार्वर्डच्याच दोन प्राध्यापकांनी, हेन्री लुइस गेट्स आणि लानी गिनिअर यांनी, बोलून दाखवलं होतं की तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त कॅरिबियन किंवा आफ्रिकी स्थलांतरितांची मुलं आहेत. वाद झाला होता बराच.

अवांतर: कोफीला सांगा, १९६९ मध्ये घानानेही हाच उद्योग केला होता. बिनपरवान्याच्या परदेशी लोकांना घालवलं, त्यांत बहुतेक नायजेरियन. वॉचमनच्या आजीच्या तोंडी अजून ते आहे.

---

खडूस_आजोबा

लेख बरा आहे, पण दिवा बंद असेल तर पोलीस अडवणारच. काहीही झालेलं नसताना एवढा धागा? आपण भारतीयही तिकडे उपरेच. मेहनत केली, कायदा पाळला, वर आलो. रडत बसलो नाही. ज्याला त्याला भेदभाव दिसतो हल्ली.

---

वाचनमात्र

सहा वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय, गोड मानून घ्या.

आजोबा, फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. गुजरातेतून मुलाकडे नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी फुटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, एक बारकासा काळा माणूस घरांकडे बघत हिंडतोय. पोलीस आले. यांना इंग्रजी येत नव्हतं, "नो इंग्लिश", "इंडिया" एवढंच म्हणत राहिले. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला मार लागला, अर्धांग लुळं पडलं. व्हिडिओ आहे. खटल्यात दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला सोडलं.

त्यांनी कुठला कायदा मोडला होता? 'भारतीय' असणं त्यांच्या काही कामी आलं नाही.

---

कृष्णाकाठची

@टांगेवाला, १९६९ चं काल रात्री सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. वडील तेव्हा टाळ्या वाजवत होते." मग बराच वेळ नळ्यांना लेबलं लावत बसला.

@खडूस_आजोबा, काही झालं नाही हे मी स्वतःच लिहिलंय. म्हणूनच लिहिलं. आणि मेहनतीचं म्हणाल, तर एक गंमत कोफीनेच मला दाखवली. नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करताना त्याला सापडली होती. १८७० च्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या परदेशी माणसाला अमेरिकेचा नागरिक व्हायची मुभा मिळाली. त्याआधी ती फक्त गोऱ्यांना होती. आणि आपल्याला? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाने, जो पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता, कोर्टात सांगितलं की मी आर्य आहे म्हणजे गोराच. उच्च जातीचा असल्याचाही दाखला दिला! सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही, सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही. खालच्या कोर्टाने दिलेलं नागरिकत्व गेलं. कागदावर तरी 'मी आफ्रिकी आहे' म्हणणाऱ्याला दार उघडं होतं, 'मी गोरा आहे' म्हणणाऱ्या आपल्याला बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते दार १९४६ मध्ये किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीय. खरं उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर आला. तुमचा मुलगा असो की माझा नवरा, सगळे त्याच दारातून आलोत. आपण मेहनत केली हे खरंच आहे. पण आपल्यासाठी मार कुणी खाल्ला, हेही खरं आहे.

---

सदाशिव_पेठी_नाही

पुण्यातून. आमच्या सोसायटीत दोन सुदानी विद्यार्थी भाड्याने राहायला येणार होते. ग्रूपवर चर्चा झाली, "कल्चर जुळणार नाही." मालकाला दुसरा भाडेकरू 'मिळाला'. त्याच ग्रूपवर आदल्या रविवारी मुरूडच्या सहलीचे फोटो होते. मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींच्या जंजिऱ्यावर सगळे हसत उभे.

---

भूगोलाचा_पेपर

मग न्यूयॉर्कचे नवे महापौर ममदानी कोण? जन्म युगांडातल्या कंपालाचा, आईबाप भारतीय वंशाचे, सातव्या वर्षी न्यूयॉर्कला. कॉलेजच्या अर्जात 'एशियन' आणि 'ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन' अशा दोन्ही खुणा केल्या होत्या, त्यावरून २०२५ च्या निवडणुकीत केवढा धुरळा. तांत्रिकदृष्ट्या तेही आफ्रिकेतून आलेले स्थलांतरितच की. कोफीचं मत काय?

---

कृष्णाकाठची

विचारलं. हसला आणि म्हणाला, "आफ्रिकन आहे, निःसंशय. ब्लॅक नाही. माझा मुलगा ब्लॅक आहे आणि आफ्रिकन नाही. अर्जात मात्र दोघांना एकच चौकट." ममदानी स्वतःही म्हणाले होते, मी स्वतःला ब्लॅक मानत नाही, आफ्रिकेत जन्मलेला अमेरिकन मानतो.

मुलाचं निघालं म्हणून सांगते. २०१९ मध्ये घाना सरकारने 'इयर ऑफ रिटर्न' केलं होतं. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी गुलाम उतरल्याला ४०० वर्षं झाली, म्हणून जगभरच्या काळ्या लोकांना घरी यायचं आमंत्रण. कोफी कुटुंबाला घेऊन गेला. केप कोस्टचा किल्ला बघितला, जिथून माणसं जहाजात भरायचे. मुलगा दहा वर्षांचा, तिथे गप्प. कुमासीला आजीच्या गल्लीत गेल्यावर पोरं त्याच्या मागे लागली, "ओब्रोनी! ओब्रोनी!" ओब्रोनी म्हणजे परका, खरं तर गोरा. त्याचे बूट बघून आणि इंग्रजी ऐकून. कोफीला ते मजेशीर वाटलं होतं. मुलाने परवाच्या भांडणात ते काढलं, सहा वर्षांनी.

---

निळी_शाई

धागा वाचून लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

कोफीचं विमान उतरल्यावर त्याच्यावर एक शिक्का बसला. माझं उलट झालं. न्यू जर्सीत उतरले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अमेरिकन माणसाला माझं आडनाव नीट उच्चारताही येत नाही, आणि मला ते फार आवडायचं. दोन वर्षं मी नुसती 'इंडियन' होते.

मग एका मराठी मंडळाच्या गणपतीला गेले. मोदक वळताना एक काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे उकडीचे करतात का?" वाक्यात काही नाही. 'तुमच्याकडे' कुठे, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. मोदक मी त्यांच्यापेक्षा बरे वळत होते, हे जाता जाता.

मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, आणि जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आमच्या घरी हे जेवताना बोललं जायचं. त्यामुळे इथे काळ्या लोकांशी माझं लगेच जमेल अशी माझी समजूत होती. जमलं नाही. त्यांच्या लेखी मी एच-वन व्हिसावाली इंडियन, चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेणारी. आणि त्यांचं बरोबरच होतं.

कोफीच्या मुलाला नमस्कार सांगा. बापाने जपलेली भीती आणि मुलाला लागणारी भीती वेगळी असते, हे आमच्या घरातही आहे. माझ्या वडिलांच्या पाकिटात जातीच्या दाखल्याची झेरॉक्स असायची, घडी घालून घालून फाटलेली. तोच कागद दाखवून शिकले आणि तोच दिसू नये म्हणून जपायचे.

---

चिंच_गूळ

+१०० निळी_शाई. यावर काय लिहावं कळत नाही.

---

खडूस_आजोबा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

खडूस_आजोबा

वरचा काढला, घाईत लिहिला होता. दिवा दुरुस्त करायला हवा होता हे मत कायम. १८७० चं मात्र माहीत नव्हतं. आमचे चिरंजीव कित्येक वर्षं ग्रीनकार्डाच्या रांगेत आहेत, त्यांनाही माहीत नसावं.

---

टेक्सासचा_टांगेवाला

आजोबा, चिरंजीवांच्या गाडीच्या कप्प्यात फोल्डर आहे का बघा एकदा.

---

खडूस_आजोबा

आहे. मीच करून दिलंय.

---

कृष्णाकाठची

चिंच_गूळने विचारलं होतं, मुलाचं पुढे काय. मागच्या आठवड्यात ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. कोफीने दोन दिवस रजा घेऊन शिकवलं. पार्किंग थोडंच, बाकी हेच, की गाडी अडवली तर आधी आतला दिवा लावायचा, काच खाली, दोन्ही हात वर. शिकवलं म्हणजे, मुलाने बापाला शिकवलं असं तो म्हणतो.

फोल्डर मात्र सोडायला तो तयार नव्हता. बरेच दिवस घोळ चालला. आता काचेवरच्या सनव्हायझरला रबराची पट्टी लावली आहे. लायसन्स, नोंदणी आणि विमा तीत खोचलेले, समोर, बाहेरून दिसतील असे. कप्प्याकडे हात न्यायला नको. नागरिकत्वाच्या दाखल्याची झेरॉक्सही त्यात घालत होता. मुलगा म्हणाला, ती माझी नाहीच, तुझी आहे, मी कशाला घेऊन फिरू? ती परत कप्प्यात गेली, म्हणजे बापाच्या बाजूला.

काल पहाटे मला फोनवर त्या पट्टीचा फोटो दाखवला. मी म्हटलं, मलाही एक आण. म्हणाला, "तुला कशाला?" आणि मग स्वतःच थांबून, "आणतो. दोनचं पाकीट मिळतं."

---

सदाशिव_पेठी_नाही

कृष्णाकाठची, अवांतर प्रश्न: फुफूचं ते खोक्यातलं पीठ कशाचं असतं? पुण्यात करून बघायचंय.

---

कृष्णाकाठची

केळीचं किंवा कसाव्याचं, कधी यामचं, त्यात बटाट्याच्या फ्लेक्स. सतत ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. बरोबर शेंगदाण्याचा रस्सा कर, तो तुला जमेलच. आणि चावायचा नाही, गिळायचा.